फाइल ऐकणारे बोद्दूल सर

आंधळ्या माणसावर लिहिलंय म्हणल्यावर तुम्ही रुमाल बाहेर काढला असेल, तर तो परत खिशात ठेवा. ह्यात काळा चष्मा नाही, पेटी-तबला नाही, रस्ता ओलांडून देणारं कुणी नाही. बोद्दूल सरांना गाणं अजिबात येत नव्हतं. एकदा गॅदरिंगला कुणीतरी भावुक होऊन त्यांच्या हातात माईक दिला. सरांनी त्यावरून, लायब्ररीच्या दारात कुणीतरी स्कूटर आडवी लावलीय ती काढा, एवढं सांगितलं आणि माईक परत दिला. समोरच्याच्या मनातलं ओळखतात वगैरे तसलंही काही नव्हतं. डब्यात काय आहे तेसुद्धा वासावरून सांगायचे आणि चुकायचे.

दुसरी गोष्ट, हे सगळं पीडीएफ फाइलींबद्दल आहे. आता जायचं असेल तर जा. मी राग मानणार नाही, मला हल्ली कशाचंच काही वाटत नाही.

मी प्रशांत, केमचा. शाळा तिथंच झाली. शाळेत माझी ओळख हुशार म्हणून नव्हती, हेडमास्तरांचा आवाज काढतो तो, अशी होती. रेल्वेच्या अनाउन्समेंटची बाई, पिठाच्या गिरणीचा पट्टा, मामांच्या शिंकेचा प्रकार, सगळं काढायचो. तेवढ्या भांडवलावर नोकरी मिळत नाही म्हणून टायपिंग शिकलो, डीटीपी शिकलो आणि सोलापुरात एका कॉलेजात कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागलो. ऑफिसात जागा नव्हती, म्हणून मला लायब्ररीमागच्या खोलीत टेबल दिलं. दारावर पाटी होती, दृष्टिबाधित विद्यार्थी वाचन कक्ष. आत बोद्दूल सर.

पन्नाशीचे, बुटके, फुल बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, मे महिन्यातसुद्धा. वरच्या खिशात दोन इअरफोन. एक चालू आणि एक, पहिला बंद पडला तर. घर पूर्व भागात. वडील यंत्रमागावर कामाला. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, चहावाल्या रफिकभाईशी दखनी, आणि तिन्ही भाषांत बोलण्याचा वेग एकच. डोळे आठवीत असताना गेले. नवीन माणूस हमखास विचारायचा, “कसे गेले हो सर?” सर म्हणायचे, “हळूहळू.” पुढं काही नाही. विचारणारा थोडा वेळ उभा राहायचा आणि निघून जायचा.

सर कुणाला नावानं हाक मारायचे नाहीत. गावानं मारायचे. मी केम. शिपाई वेळापूर. अक्कलकोट नावाच्या दोन मुली होत्या, त्यातली एक थोरली अक्कलकोट. मी एकदा विचारलं, “सर, नाव घ्यायला काय होतं?”

“प्रशांत चार हायेत बे कॉलेजात. केम एकच हाय.”

त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक बाई होती. स्क्रीनवर जे लिहिलेलं असेल ते मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर असतं, त्यातला आवाज. सर तिला अक्का म्हणायचे. तेलुगूत थोरली बहीण. अक्काचा वेग त्यांनी इतका वाढवून ठेवला होता, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं तव्यावर मोहरी टाकलीय. मला महिनाभर एक शब्द कळला नाही. सर त्या मोहरीतून बसून एकेक काना-मात्रा वेचायचे.

पहिल्या दिवशी मी नमस्कार केला. त्यांनी हात पुढं करून माझ्या मॉनिटरची वायर शोधली आणि काढली.

“आता डेस्कटॉपवर परीक्षेचं पत्रक हाय, पीडीएफ. फॉर्म भरायची शेवटची तारीख सांग.”

मी म्हणलं, “सर, स्क्रीन बंद आहे.”

“माझी पण,” सर म्हणाले. “अक्का हाय की. विचार तिला.”

मी बाणाची बटणं दाबत बसलो. अक्का म्हणाली, “रिकामं.” मी परत दाबलं. “रिकामं.” वीस मिनिटं मी दाबत होतो आणि सर शेजारी बसून शेंगा सोलत होते. शेवटी त्यांनी सांगितलं, “ही मुकी फाइल. कागदाचा फोटो हाय हा. तुला बघून वाटतं अक्षरं हायेत. अक्षरं नाहीत, अक्षरांचं चित्र हाय.”

मग दुसरी फाइल दिली. ह्यात अक्का बोलायला लागली, “डब्ल्यू तिरकी रेघ एक्स डॉलर डॉलर कंस पूर्ण.” ती वेडी फाइल. जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेली. डोळ्याला मराठी दिसतं, पोटात भलतंच असतं. तिसरी बोलकी. ती सरळ वाचली जायची, पण शीर्षक कुठलं, तळटीप कुठली, सगळं एका दमात. सर म्हणाले, “ही बोलकी हाय, शहाणी न्हाय. शहाण्या फाइलीत सांगितलेलं असतं, हे शीर्षक, हा परिच्छेद, हे कोष्टक, कोष्टकाची ही वरची ओळ. म्हणजे मला पायजे तिथं उडी मारता येती. तुमी पान उलटता, तशी.” ह्याची जगभराची नियमावली आहे. ती सरांना तोंडपाठ होती, कलमासकट. मला आजपण नाही.

आमचं काम एवढंच. कॉलेजात येणारं प्रत्येक पुस्तक, नोट्स, पत्रक ह्यांची शहाणी फाइल करायची. मी करायचो, सर ऐकायचे. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, दोनशे पानं असली तरी. आणि ऐकून झालं की त्या विद्यार्थ्याला व्हॉइस नोट जायची. दोन शब्द. “ऐकली. घे.” आणि मागं इअरफोन टेबलावर ठेवल्याचा टक्क असा आवाज. हा आमच्या खोलीचा शिक्का. ही व्हॉइस नोट आल्याशिवाय आमची पोरं फाइल उघडायची नाहीत.

मी आधी बरेच शॉर्टकट मारले. तपासायचं एक सॉफ्टवेअर असतं, ते फाइल बघून हिरव्या खुणा देतं. भूगोलाच्या पुस्तकात सत्तेचाळीस चित्रं होती. प्रत्येक चित्राला वर्णन लिहायचं असतं, अक्कानं वाचावं म्हणून. मी सत्तेचाळीस वेळा ‘चित्र’ एवढंच लिहिलं. सगळ्या खुणा हिरव्या आल्या. मी खूश होऊन सरांना सांगितलं, “सर, सगळं हिरवं.”

सरांनी ऐकायला घेतलं. पाच मिनिटांनी इअरफोन काढला.

“केम. बारा नंबरचं चित्र कशाचंय?”

“जिल्ह्याचा नकाशा.”

“मग अक्का का म्हणती चित्र? म्हशीचं पण असू शकतं.”

“पण सर, खूण हिरवी आलीय.”

“हिरवी खूण दिसायला असती. मला दाव कुठंय.”

मी वर्णनं परत लिहायला घेतली. नकाशापाशी अडलो. नकाशा कसा सांगायचा? सर म्हणाले, “तुला त्यात बघून काय कळतंय ते सांग. तुला काय कळत नसंल तर ते पण सांग, म्हणजे पोरांनाबी कळंल की डोळे असून उपयोग नसतो.” चार चित्रं निव्वळ वेलबुट्टीची होती, पानाच्या कडेला. त्यांना ‘सजावट’ अशी खूण करायची असते, मग अक्का ती वगळून पुढं जाते, त्यांचं नाव घेत नाही. ती खूण करताना सर दरवेळी विचारायचे, “नक्की वेलबुट्टी हाय ना? त्यात शब्द न्हाय ना एकपण?” ही खूण त्यांना आवडायची नाही. म्हणायचे, एखाद्याला वाळीत टाकावं तशी हाय ती.

आता नकलेचं. ते सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. मी कँटीनमध्ये अक्काची नक्कल करायचो, मोहरीच्या वेगानं मेनूकार्ड वाचायचो. पोरं लोळायची. एकदा मागं सर उभे.

“चुकतंय,” सर म्हणाले. “अक्का पूर्णविरामाला थांबती, पण श्वास घेत न्हाय. तू घेतलास.”

त्यांनी मला समोर बसवून तीनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, “माझा काढ.” मी काढला. नरड्यातून जरा वर, नाकाशी अडवून, शेवटचं अक्षर गिळून. सर मान कलती करून, फाइल ऐकावी तसं ऐकत होते.

“नाकातनं बोलतो व्हय मी?”

“थोडं.”

“हं. ऐकली,” म्हणाले आणि चहा सांगितला.

त्यानंतर त्यांना एक नाद लागला. घरी उशीर होणार असला की मला फोन लावायला सांगायचे, त्यांच्या आवाजात. वैनी पहिल्याच शब्दाला ओळखायच्या. “बाळा, सर कुटं हायेत ते सांग आधी.” सर शेजारी बसून गालात हसायचे. मी आवाज सुधारत गेलो. शेवटी शेवटी वैनीसुद्धा दुसऱ्या वाक्यापर्यंत फसायच्या.

हे लिहिताना मला हसू यायला पाहिजे. पूर्वी यायचं.

सर भांडायचेपण. आमच्या हेडक्लार्क भाऊसाहेबांचं आणि त्यांचं कायमचं लागलेलं. भाऊसाहेबांची पद्धत अशी, की परिपत्रक कॉम्प्युटरवर टाइप करायचं, त्याची प्रिंट काढायची, सही घ्यायची, गोल शिक्का मारायचा, मग त्या कागदाचा स्कॅन काढायचा, तिरका, कोपऱ्यात भाऊसाहेबांचा अंगठा, आणि ती पीडीएफ ग्रुपवर टाकायची. सगळ्याच ऑफिसांत अशीच करतात, तुमच्यापण करत असतील. सर म्हणायचे, “अक्षरं जित्ती होती, भाऊसाहेब. तुमी मारून फोटो पाठवला.” भाऊसाहेब म्हणायचे, “शिक्क्याशिवाय परिपत्रक असतंय का? उद्या कोणी पण टाइप करून पाठवंल.” दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण मिटायचं नाही.

मग करकंबचं झालं. करकंब म्हणजे रूपाली. बीएच्या शेवटच्या वर्षाला, जन्मापासून दिसत नाही. एसटीनं ये-जा करायची, बोलायला फटकळ, आणि माझ्या नकलांना न हसणारी कॉलेजातली एकमेव पोरगी. अर्थशास्त्राचा पेपर गुरुवारचा मंगळवारवर आणला होता. परिपत्रक ग्रुपवर आलं. तिच्या फोनमधल्या बाईनं सांगितलं, पान एक, रिकामं. तिनं ग्रुपवर विचारलं, काय आलंय. कुणीतरी अंगठा टाकला. ती गुरुवारी लेखनिकाला घेऊन आली, तर हॉलला कुलूप.

ती व्हरांड्यात बसली होती. सर जाऊन शेजारी बसले. मला वाटलं आता पाठीवरनं हात फिरवतील. सरांनी विचारलं, “फाइल फोनमधी हाय का अजून?”

“हाय.”

“पुसू नको.”

दुसऱ्या दिवशी सरांनी भाऊसाहेबांच्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. कोरा कागद. खाली फक्त सही.

भाऊसाहेबांनी उलटा-सुलटा केला. “सर, ह्यात काय लिहिलंच न्हाय की.”

“लिहिलंय. तुमी आमच्या पोरांना लिहिता तसंच लिहिलंय. वाचा.”

भाऊसाहेब कागद धरून बसले. मला वाटलं तक्रार करतील, पण त्यांनी तो अर्ज प्राचार्यांकडे नेला आणि त्या महिन्यापासून प्रत्येक परिपत्रकाच्या दोन फाइली जायला लागल्या, एक शिक्क्याची, एक शहाणी. शहाणी आधी सर ऐकणार, मग जाणार. हे चांगलं झालं. पण रूपालीचा पेपर गेला तो गेला. त्या एका विषयासाठी पदवी अडकली. पुरवणी परीक्षा होती, आणि घरी ठरलं होतं, ह्या खेपेला निघाली तर पुढचा विशेष शिक्षकाचा कोर्स, नाही तर शिक्षण बास.

पुस्तक एकच होतं. रिटायर झालेल्या एका प्राध्यापकांचं, एकशे शहाऐंशी पानं, बाजारात मिळत नाही, आणि त्यांनी जी फाइल दिली ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वेडी. मी मजकूर नव्या फॉन्टात फिरवायचो, अर्धी जोडाक्षरं फुटायची, ती हातानं बसवायचो, कोष्टकं बांधायचो. एकेक प्रकरण झालं की सर ऐकायचे. चुका सांगायचे, मी दुरुस्त करायचो, परत ऐकायचे. सहा प्रकरणं झाली. चार राहिली. परीक्षा सोमवारी होती, आणि आधीच्या मंगळवारी सरांना खोलीतच घाम फुटला. रफिकभाईंनी रिक्षात घालून नेलं. हृदयाचं होतं.

शुक्रवारी दुपारी मी भेटायला गेलो. वॉर्डात बारा खाटा. सर तिसऱ्या. हॉस्पिटलचा ढगळ सदरा, त्याला मनगटावर बटणंच नव्हती, तर सर एका हातानं दुसरी बाही धरून पडले होते. आवाज खोल गेलेला. वैनी बाहेर डॉक्टरांशी बोलत होत्या.

“किती पानं राहिली?”

“पन्नास. उद्या संपतात सर.”

“ऐकणार कोण?”

“तुम्ही. फोनवर पाठवतो की.”

“हितं इअरफोन घालू देत न्हाईत. तू ऐक. अक्काला सावकाश कर आन् ऐक. बघू नको. बघितलं की तुला सगळं हाय असं वाटतं.”

मी हो म्हणलं. नर्स आली, तिनं मला बाहेर काढलं. दारातून वळून बघितलं तर सर शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला विचारत होते, “कुठलं गाव?” म्हातारा काहीतरी बोलला. सरांनी मान हलवली. तेवढंच शेवटचं दिसलं.

शनिवारी मी पन्नास पानं ओढली. एका पानावर मोठी आकृती होती, चौकटी आणि बाण, सहकारी संस्थांचे प्रकार. खालचा मजकूरपण त्या चित्रातच अडकलेला. फॉन्ट फिरेना. नंतर टाइप करू म्हणून मी त्या पानाचं चित्र करून डकवलं. वर्णन नाही म्हणून खूण लाल यायला लागली. ती लाल खूण डोळ्याला खुपत होती, म्हणून तात्पुरती ‘सजावट’ केली. हिरवी झाली. पुढच्या पानावर गेलो.

रविवारी सकाळी कॉलेजात येऊन बसलो. आता एकदा ऐकून काढायचं, असं ठरवलं होतं. अक्का सुरू केली. तिसऱ्या मिनिटाला सरांच्या मुलाचा फोन आला. “दादा, बाबा गेले. साडेनवाला.” मी बरं म्हणलं. त्यानं सांगितलं, दुपारी दोनला नेणार. मी बरं म्हणलं. फोन ठेवला आणि प्रिंटरमध्ये कागद भरले. कागद कशाला भरले माहीत नाही, काही छापायचं नव्हतं.

मला काही वाटलं नाही. वाटेल वाटेल म्हणून मी थोडा वेळ बसलो. मग रूपालीचा मेसेज आला. “दादा, उद्या पेपर हाय. शेवटची चार प्रकरणं कधी? सरांनी ऐकली का?”

सर दवाखान्यात आहेत एवढं तिला माहीत होतं, गेल्याचं नव्हतं. मी विचार केला, आज सांगितलं तर ही उद्या काय लिहिणार. मी फाइल पाठवली. तिनं लगेच लिहिलं, “सरांची नोट न्हाय आली.”

मी फोन तोंडाजवळ धरला. पहिला टेक खराब गेला, पंख्याचा आवाज येत होता. पंखा बंद केला. दुसरा घेतला. नरड्यातून जरा वर, नाकाशी अडवून, आजारी माणसासारखं खोल. “ऐकली. घे.” आणि सरांचा दुसरा इअरफोन टेबलावरच होता, तो उचलून परत ठेवला, टक्क. मी पाठवताना लिहिलं, सरांनी माझ्या फोनवर पाठवलीय. तिचा अंगठा आला.

नोट चांगली जमली होती. खरं सांगतो, मी ती एकदा परत ऐकली.

मग दोनला गेलो. तिथलं सांगण्यासारखं काही नाही. ऊन होतं. भाऊसाहेब चप्पल हातात घेऊन उभे होते, ती खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं.

सोमवारी पेपर झाल्यावर रूपालीला कळलं. तिचा फोन आला नाही. मेसेज नाही. मी खोलीत एकटा फाइली करत होतो. भाऊसाहेब रोज शहाणी फाइल मागायला यायचे आणि विचारायचे, “ऐकली का?” मी हो म्हणायचो, आणि आता खरंच ऐकायचो, सगळी, अक्काला सावकाश करून. नकला बंद झाल्या. मी बंद केल्या असं नाही. तोंड उघडलं की काही यायचंच नाही.

दीड महिन्यानं निकाल लागला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती आली. एकटीच, काठी टेकवत, सरांच्या खुर्चीला हात लावून बघितला आणि शेजारच्या स्टुलावर बसली.

“सहा मार्कानं गेला,” ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला गेलो.

“तू थांब. मी बोलती. दहा मार्काचा प्रश्न होता, सहकारी संस्थांचे प्रकार सांगा. मला एक प्रकार आला न्हाई. लेखनिक म्हणली, ताई, सोप्पाय की. मी म्हणलं, आमच्या पुस्तकात न्हाय. घरी जाऊन भावाला छापील पुस्तक बघाया लावलं. एकशे त्रेचाळीस पान. अख्खं पानभर हाय म्हणला.”

“रूपाली, ते मी नंतर टाइप करणार...”

“थांब म्हणलं ना. आदल्या दिवशी एकशे त्रेचाळीसला माझी बाई गप बसली. मी काय केलं आसंल? तीनदा मागं गेले, तीनदा फुडं गेले. मग म्हणलं, सरांनी ऐकलीया. सरांनी ऐकली म्हंजी पान कोरंच आसंल, छापताना ऱ्हायलं आसंल. आन् फुडं गेले. माझ्या मनात शंका आलती, दादा. ती मी सरांच्या नावावर गिळली.”

खोलीत पंखा चालू होता. मी तो बंद करायला उठलो आणि परत बसलो.

“तू नुसतं सांगितलं आसतंस, हे पान मुकं हाय, तर आमच्या शेजारचं चौथीतलं पोरगं वाचून दावतंय मला. एका मिनिटाचं काम. आन् सर गेले म्हणून सांगितलं आसतंस तर मी रडले आसते, पेपर वाईट लिहिला आसता. लिहिला आसता तर लिहिला आसता. माझा पेपर, मी वाईट लिहीन न्हाई तर चांगला. तू कोण ठरवणार?”

“मला वाटलं...”

“तुला काय वाटलं ते मला नकोय. ती नोट साडेअकराची हाय. सर साडेनवाला गेले. वैनींनी सांगितलं मला, सोमवारीच. मी दीड महिना बोलले न्हाई, म्हणलं निकाल लागू दे, उगं कशाला. माझ्याकडं सरांच्या तीन वर्षांच्या नोटा हायेत, एकसष्ट. रोज लावून ऐकल्या. आता मला कळंना, त्यातल्या सरांच्या किती आन् तुझ्या किती.”

“एकच माझी. शेवटची. बाकी सगळ्या सरांच्याच.”

“हे कशावरनं मानू?”

तिनं पिशवीतून इअरफोन काढला.

“घरी बापू म्हणतेत, शिक्षण बास आता. मी म्हणलं, अजून एकदा बसणार. भांडून आलीया. उघड ती फाइल. एकशे त्रेचाळीस न्हाय, पयल्या पानापास्नं लाव. तेवढं एकच आसंल कशावरनं? पाचला माझी एसटी हाय, तवर जेवढी हुतील तेवढी. आन् मधी मधी सॉरी म्हणू नको, अक्काचं ऐकू येत न्हाय मला.”